वळण

माझं अक्षर वळणदार, म्हणून नकाशाखात्यात घेतलं मला.
ब्याऐंशी साल. ट्रेसर, तिसरी श्रेणी.
उतरतं टेबल, दुधी कागद, काळी शाई, अर्धं ब्लेड,
आणि घाम उतरू नये म्हणून मनगटाखाली रुमाल.

दहिसर नदी माझ्या वाट्याला आली चार शीटमध्ये.
पहिल्यावर तुळशीच्या बाजूचे डोंगर,
दुसऱ्यावर जंगल संपतं,
तिसऱ्यावर आम्ही राहायचो,
चौथ्यावर ती खाजणात शिरते
आणि रेघ कुठे थांबवायची ते कुणालाच ठरवता येत नाही.
भरतीची काढू की ओहोटीची, विचारलं मी.
तामाणेसाहेब म्हणाले, चहाच्या आधीची काढा.

एके दिवशी शीट तीन परत आली.
‘नदी’ खरवडा, ‘नाला’ लिहा.
नदीला जागा जास्त सोडावी लागते, नाल्याला कमी.
एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी.
मी खरवडलं.
ब्लेड फिरलेल्या जागी कागद केसाळ होतो,
नवी शाई तिथे फुटते.
‘ला’चा काना काठ सोडून पसरला.
साहेबांनी चालवून घेतलं.

मग इमारती आल्या. मीही आले एकीत, हप्त्यांवर.
नाव सरितादर्शन.
दर्शन पहिली दोन वर्षं, मग भिंत.
धोब्यांचे दगड गेले, तबेल्याचं शेण आलं,
वास सुटला की आम्ही खिडकी लावून घ्यायचो
आणि तिला तिच्या नव्या नावानं शिव्या द्यायचो.
एका जुलैत ती तळमजल्यावर येऊन गेली,
भिंतीवर कमरेएवढी रेघ ठेवून.
इतकी सरळ रेघ मला पट्टी लावूनही जमली नसती.

फाटकाशी भिमी धोधडे बसते,
पाड्यावरून शेवळं आणते, कुर्डू, कधी करटोली.
कुठे मिळतं हे, विचारलं, तर म्हणाली,
सापडोहाच्या वर. नवरीच्या डोहाशी.
बिबट्या पितो ना, त्याच्या अलीकडे.
आणि एक डोह, ज्याचं नाव तिनं घेतलं नाही,
सासू गेली तिची तिथे.
इतकी वर्षं ही नदी काढली मी,
शीटवर खोलीचे आकडे होते.

संध्याकाळी जाते ती बाग त्रिकोणी आहे,
कारण तिथे नदी कोपर मारते
आणि त्या कोपरात काही बांधता येईना.
म्हणून वड राहिला, म्हणून बाकं आली,
म्हणून गुडघेदुखीवाल्यांचा कट्टा,
म्हणून रेमेडिओसच्या धाकटीचं जमलं, तिसऱ्या बाकावर.
बागेला वळसा म्हणून रस्ता वाकडा,
रस्ता वाकडा म्हणून रिक्षा तिथे हॉर्न देतात,
रात्री दोन वाजताही, समोर कुणी नसताना.
एवढं मोठं उपनगर.
याला वळण लावलं कुणी?
आम्हाला वाटतं, बिल्डरनं.

गेल्या महिन्यात सोसायटीची सभा झाली.
विषय क्रमांक सहा:
मागील नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करणे.
सूचक चितलांगे.
मी हात वर केला. म्हटलं, तो नाला नाही.
मग इतिवृत्तात काय लिहू, सेक्रेटरींनी विचारलं,
थोडं हसून, घड्याळाकडे बघत.
वही द्या इकडे, म्हटलं. माझं अक्षर बरं आहे.

हात कापतो आता.
‘न’ ठीक आला. ‘दी’ची वेलांटी
मी जरा लांबच ओढली, समासापर्यंत.

ठराव मंजूर झाला, बावीस विरुद्ध नऊ.
पण मंजूर झालाय तो नदीवर स्लॅब टाकायचा.
तसं लिहिलेलं आहे, खाली बावीस सह्या आहेत,
आणि या वेळी
शाई कुठे फुटलेली नाही.