लाइट गेली तेव्हा

बातमी आली ती कूलरच्या घरघरीतून,
अर्धीच.
बाबांनी बटण बंद केलं. वाळा टपटपत राहिला,
आणि रेडिओवरची बाई पुन्हा म्हणाली :
माजी पंतप्रधान, वय एक्क्याण्णव, झोपेतच.

सत्तेचाळीस डिग्रीत गोळीबार चौकात कुत्रंही फिरत नाही.
तरी दुपारभर माणसं येत राहिली
हेडाऊ साउंड सर्व्हिसच्या अरुंद दुकानात,
कर्णे आणि वायरींची भेंडोळी सरकवून बसली,
जशी मयत आमच्याच घरची.

कारण त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर
माइक बाबांचा होता
आणि भाषण सुरू होण्याआधीच लाइट गेली होती.

तुळशीराम बोरकर, संत्रा मार्केटचे हमाल :
"मी पार मांगं, झाडावर. काही आयकू येईना.
त्यायनं बिनमाइकचंच बोलाले घेतलं.
पुढच्यानं मांगच्याले सांगतलं, त्यानं त्याच्या मांगच्याले.
माह्यापर्यंत आलं : हात जोडू नोका कोणाले.
तवापासून शेठसमोर हात खालीच हायेत माहे.
दोनदा काम गेलं त्याच्यापायी. जाऊ दे."

मोमिनपुऱ्याचे रफीउल्ला चाचा डावीकडे, बांबूंपलीकडे उभे होते.
त्यांना ऐकू आलं : तुटलं तर जोडायचं.
मागावर बसणाऱ्याला हे कोणी सांगायला नको,
"पण दिल्लीच्या माणसाले ठाऊक हाय," ते म्हणाले, "तेच लय झालं."
भावाशी बोलणं सुरू झालं का, ते मी विचारलं नाही.

जरीपटक्याचे लेखूमल शपथेवर सांगतात :
पोराला आधी जेवू द्या, असंच म्हणाले होते.
त्यांच्या टपरीवरचा पोरगा अजून अकराला जेवतो,
गिऱ्हाईक कितीही कावलं तरी.

मेश्राम सिस्टर तर मैदानावर नव्हत्याच,
मेयोत ड्यूटीवर होत्या.
गर्दीत चक्कर येऊन पडलेल्या एका पेशंटनं त्यांना सांगितलं :
घाई करू नका, भाजेल.
"जळालेल्यांच्या वॉर्डात कपाटावर खडूनं लिहिलं होतं मी.
रंग दिला तेव्हा गेलं."

वाद झाला नाही.
एकाचं ऐकून दुसरा मान हलवत होता,
आणि माठातलं पाणी संपत आलं होतं.
बाबा काळ्या टेपचा तुकडा बोटाभोवती
गुंडाळत होते, सोडत होते.

रात्री शटर ओढताना मी विचारलं.
"मी स्टेजखाली होतो," बाबा म्हणाले,
"टॉर्च तोंडात. त्यायच्या चपला दोन हातावर.
वरून आयोजक शिव्या देऊन रायला.
तं ते वाकले, म्हणले :
थांबा. पोराले तार जोडू द्या.
घाई केली तं हात भाजन त्याचा.
बस. लोकायले नाही, त्या आयोजकाले म्हणले."

"मग आज सांगितलं का नाही कोणाला?"

"काहून सांगू?"
कुलूप दोनदा ओढून पाहिलं त्यांनी.
"मंग लाइट आली. पस्तीस मिन्टं बोलले,
माह्याच माइकवर, एकदम साफ आवाज.
त्यातला एक शब्द कोणाच्या ध्यानात नाही.
माह्याही नाही.
बिल तेवढं ध्यानात हाय. बाकी हाय अजून."

दुसऱ्या दिवशी चौकात शोकसभा.
लाइट होती, माइक होता, कुठं खरखर नाही.
मी शेवटच्या रांगेत.
कोणी काही बोललं की पुढचा माणूस
वळून मला सांगायचा,
मी ऐकलेलं असूनही.

मीही वळले.
मागं कोणीच नव्हतं,
फक्त टपरीचा पोरगा, पायरीवर डबा उघडून.
घास हातातच ठेवून त्यानं वर पाहिलं.

मी त्याला सांगितलं.