कोपर

पहिला महिना तडवी सरांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही.
वेफर्सच्या खोक्याचा पुठ्ठा दिला,
मध्ये ब्लेडने कापलेली खिडकी,
दोन बाय तीन इंच.
म्हणाले, यातून बघ.
काय दिसलं ते नको सांगू,
काय दिसायचं थांबलं, ते सांग.

यावलच्या स्टँडवर उभी राहून
मी पुठ्ठ्यातून फैजपूरची गाडी बघायचे.
कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, चष्मा लागला का गं?

वहीत नियम उतरवले:
चौकटीचे उभे तीन, आडवे तीन भाग पाड.
माणूस मधोमध रोवू नको, तो खांब नाही.
तो बघतो त्या बाजूला जागा सोड.
क्षितिज मध्यावर नको,
वर घे, नाहीतर खाली.

आमचं गाव तर नेमकं मध्यावर,
वर सातपुडा, खाली तापी.
विचारलं, सर, गाव हलवू का मग?
सर हसले नाहीत. लेन्स पुसत राहिले.

घरी एकच जुना फोटो,
थोरल्या आत्याच्या लग्नातला.
सतरा माणसं, लहानपणापासून मोजलेली.
पुढच्या रांगेत हाफ चड्डीतले बाबा.
खिडकी सरकवत डाव्या कडेला नेली
तर धाकट्या आत्याच्या खांद्यावर एक हात.
चार बांगड्या. मनगट.
पुढे चौकटीचं लाकूड.

आई कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती.
न वळता म्हणाली, आसीन कोनीतरी,
माझ्या आधीचं आहे ते.
आत्याला फोन केला,
तिला खांद्यावर हात होता हेच आठवेना.
बाबा म्हणाले, मी तर समोर बघत होतो.

मागे शिक्का आमच्याच सरांच्या स्टुडिओचा.
सरांनी फोटो उजेडात धरला.
तुझ्या आजोबांनी चौकट आणलेली दहा बाय बाराची,
प्रिंट मोठी. मीच कापली.
डावीकडून कापली,
नवरानवरी मधोमध यायला हवे होते ना.
निगेटिव्ह?
दुकानात पाणी शिरलं होतं एकदा, म्हणाले,
आणि पासपोर्टच्या गिऱ्हाइकाकडे वळले:
हनुवटी खाली. खांदे सरळ. हलू नको.

वैशाखात कॅमेरा मिळाला.
काकांच्या बागेत केळीची कापणी.
एकाने घड तोडला, दुसऱ्याने खांद्यावर झेलला,
शर्टावर चिकाचे काळे डाग,
यंदाचे वर, मागच्या वर्षांचे खाली.
माणूस उजव्या तिसऱ्या भागात.
तो बघतो तिकडे मोकळी जागा.
फाटक्या पानाची रेघ तिरपी येऊन
बरोबर त्याच्या मुठीपाशी थांबलेली.
सगळं वहीतल्यासारखं.
फक्त डाव्या कडेतून आत आलेलं
कोणाचं तरी कोपर.

सर बराच वेळ बघत राहिले.
पास झालीस. कोपर तेवढं काप.
मी माऊस धरला,
रेघ कोपरापर्यंत आणली,
आणि लाईट गेली.
यावल आहे, लाईट जाते.
त्यात काही संकेत वगैरे नव्हता.
पण आली तेव्हा मी पुन्हा बसले नाही.

सकाळी सायकलवर बागेत.
कोपर रुमलीबाई बारेलाचं निघालं,
पाड्यावरून रोज ट्रॅक्टरने येते.
फोटो बघून म्हणाली, घड चांगला आलाय.
मी बोट ठेवलं, हे तुमचं.
तिने आधी खरं कोपर वळवून पाहिलं,
वाळलेला चीक नखाने खरवडला,
मग फोटोतलं पाहिलं.
म्हणाली, आणि बाकीची मी?

त्याचं उत्तर कुठल्या भागात ठेवायचं
ते वहीत नाही.

प्रिंट काढली, कोपरासकट.
मागे पेन्सिलने तिचं नाव लिहिलं.
सरांनी ती काउंटरवर पालथी ठेवली,
दिवसभर काही बोलले नाहीत.
रात्री शटर ओढताना, माझ्याकडे पाठ करून:
त्या हातात बांगड्या किती म्हणालीस?
चार.
हिरव्या होत्या?
सर, फोटो ब्लॅक अँड व्हाईट आहे.