अक्षराला पाच रुपये

भांडीबाजाराच्या उतारावर, जिथे गंगेला पूर आला
की पाणी आधी शटरखालून आत येतं,
तिथल्या एका ओट्यावर माझं स्टूल, माझं मशीन
आणि पाटी: नाव घालून मिळेल. अक्षराला ५ रु.
काना-मात्रा फुकट.

बावीस वर्षं नावं घालतोय.
पिंपावर, परातीवर, रुखवताच्या तांब्यांवर,
'कै.' लावून फुलपात्रांवर.
लोक नावं कापतात.
वडिलांचं नुसतं आद्याक्षर घ्या, आडनाव गाळा,
'मामाकडून' पुरे, कोणता मामा ते कळतंय.
पाच रुपयांसाठी माणूस केवढा आखूड होतो
ते मी रोज बघतो.

मला सगळे नाववाला म्हणतात.
नाववाल्याचं नाव कुणाला लागत नाही.

ते केरू आहे.
माझ्याआधीचे तिघे गेले. त्यांची नावं देखणी होती,
पद्माकर, रत्नाकर, तिसऱ्याचं आई सांगायचीच नाही.
मग मला सुपात घालून केरावर ठेवलं,
शेजारणीने उचललं, आणि आईने मला
पसाभर नागली देऊन तिच्याकडून विकत घेतलं.
मरणाने वाकून बघू नये म्हणून दोन अक्षरं.
नाही बघितलं मरणाने.
मग कुणीच नाही बघितलं.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मुलगा झाला.
प्रमिला मोबाइलवरून वाचत होती: विहान, रेयांश, आरव.
म्हटलं, आरव गेल्या वर्षात एकोणीस घातलेत,
हात आपोआप चालतो.
मला असं हवंय की हाक मारणाऱ्याला
आधी श्वास घ्यावा लागेल.

ब्रह्मगिरीनंदन.

ती म्हणाली, कोण?

त्र्यंबकच्या डोंगरावर ती निघते ना,
तिथे करंगळीएवढी असते,
पण नाव तिला पहिल्यापासूनच पूर्ण.
नाशकापर्यंत येईल, मोठी होईल,
मग देऊ, असं कुणी म्हणालं नाही.

प्रमिला बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, दृष्ट लागेल.
मीही तोच विचार करत होतो.

जन्मदाखल्याच्या खिडकीवर त्या पोराने टाइप केलं
ब्रम्हगिरी.
म्हटलं, ह आधी. ह च्या पोटात म.
तो म्हणाला, काका, कॉम्प्युटरला चालतं.
म्हटलं, चांदीला नाही चालत.
मागे रांग. कुणीतरी च्यक् केलं.
मी हललो नाही.
आयुष्यात पहिल्यांदा एका म साठी
मी चौदा माणसं थांबवली.

वाटी लहान होती, पावशेर दूधही मावणार नाही.
रात्री शटर ओढून घालायला बसलो.
सुई थरथरत नाही कधी, ब्र ला थरथरली.
गि ला वळसा लागला, री ला काठ फिरला,
शेवटचा न जाऊन ब्र ला टेकला,
मधे मुंगी जाईल एवढीच जागा.
चि. ला जागा उरली नाही. राहू दे.

इंदूअक्का सिन्नरहून आली.
एसटीत सगळा रस्ता पाठ करत आली म्हणाली.
ते सूप तिनेच धरलं होतं तेव्हा, पाच वर्षांची होती.
पाळण्यात वाकली, कानात कुर्र केलं,
बायकांनी पाठीत धपाटे घातले
आणि तिने म आधी घेतला.
बोललो नाही. जिभेला माफ आहे.

संध्याकाळी पाहुणे गेले, घुगऱ्या उरल्या,
पोर रडायला लागलं.
अक्का आतून पदराला हात पुसत आली
आणि म्हणाली, काय रे गिरू,
काय झालं माझ्या गिरूला?

गिरू.

दोन अक्षरं. दहा रुपये.

तो रडायचा थांबला, मान वळवली,
आणि अक्काने माझ्याकडे बघितलं,
जीभ चावली.

मी वाटी पुसायला घेतली.
पुसलेलीच होती.