मर्डोचा डावा कान

गोव्हनच्या लायब्ररीत, तळघरातल्या खोलीत
दर गुरुवारी साडेसहाला
एक बाई स्टेशनवर तिकीट मागते.
टेपमधली बाई. इस्त्री केलेली इंग्रजी तिची.
मर्डो बटण दाबतो, ती मागते.
मर्डो बटण दाबतो, ती परत मागते.
तीनदा ऐकायचं, मग बोलायचं, असा आमचा नियम.

बाहेर असं कुणीच बोलत नाही.
ग्लासगोचा बस ड्रायव्हर अख्खं वाक्य एका घासात गिळतो
आणि उरलेला तुकडा माझ्याकडे टाकतो,
हसत, मायेनंच.
मी म्हणते, यस.

पहिलं वर्ष मी यसवर काढलं.
घरमालकाला यस. शाळेच्या चिठ्ठीला यस.
दाताच्या डॉक्टरनं दोन बोटांनी दोन दात दाखवून
काहीतरी विचारलं.
यस.
दोन्ही गेले. एक चांगला होता.
अजून जीभ जाते तिथं,
आणि तिग्रिन्यातले साधे शब्दसुद्धा
त्या फटीतून शिट्टी मारत निघतात.

मर्डो मिलिगन. वय एकाहत्तर, गोदीत वेल्डर होता.
मी शिक्षक नाही, म्हणतो, माझ्याकडे नुसता वेळ आहे.
आम्ही बोललो की तो भुवया आवळतो : सॉरी?
आम्ही खजील. परत बोलतो,
हळू, आणि आधीपेक्षा जास्त चुकत.
सॉरी?
हालिना पोल्तावात पुलांचे हिशेब करायची.
तिनं एकदा वही मिटली ती आठवडाभर उघडलीच नाही.

मग कळलं :
तेवीस वर्षं जहाजाच्या पोटात, चहूकडून हातोडे.
डाव्या कानात तेव्हापासून एक किटली उकळते आहे,
उतरवायला कुणी नाही.

म्हणजे चूक आमची नव्हती.
निदान सगळी नव्हती.

माणसं एका कानानं ऐकतात, दुसऱ्यानं सोडून देतात.
ह्याला सोडायला दुसरा कानच नाही.

पुढच्या गुरुवारी खुर्च्या त्याच्या उजवीकडे सरकल्या.
तो ओठ वाचतो, म्हणून दिव्याखाली तोंडं.
इद्रिसनं तर मिशीसुद्धा कापून घेतली.

त्या दिवशीचा प्रश्न : बाईची गाडी का चुकली?
पुस्तकातलं उत्तर : तिचं घड्याळ मागे होतं.
हालिना म्हणाली, खोटं.
मुद्दाम चुकवली.
ऐका, तिकीट मागण्याआधी ती श्वास घेते.
ज्याला जायचं असतं तो इतका मोठा श्वास घेत नाही.
इद्रिस म्हणाला, पण तिकीट एकेरी आहे.
एकेरी! परतीचं मागितलंच नाही तिनं.

खोलीत थोडा वेळ टेपचीच खरखर.

मग मी बोलले. क्रियापदं चुकली, काळ उलटसुलट,
पण वाक्य दारापासून खिडकीपर्यंत लांब.
हालिनानं ते तोडलं, मी तिला तोडलं,
इद्रिस टेबलावर थापा मारत होता
आणि मर्डो एकाचं ऐकायला वळला की दुसरा निसटत होता.
पहारेकऱ्यानं दिवे घालवले तेव्हा ध्यानात आलं :
आम्ही भांडत होतो.
इंग्रजीत.

शनिवारी रात्रपाळी. वॉर्ड सात, माझ्या हातात पोछा.
खिडकीजवळची म्हातारी पांघरुणातून काही बोलली,
कवळी ग्लासात, शब्द पिठासारखे.
यस जिभेवर आलंच होतं,
नेहमीच्या फटीशी.

पोछा भिंतीला टेकवला.
तिच्या उशीपाशी वाकले : सॉरी?
तिनं परत सांगितलं.
सॉरी?
तिनं परत सांगितलं, न चिडता.
नाव विचारत होती.

लेतेब्रहान, म्हणाले मी.
सॉरी?
लेतेब्रहान.
तिनं कान पुढे केला. तिसऱ्यांदा सांगितलं.
अच्छा, म्हणाली समाधानानं, लेटी ब्राऊन.

आणि मी म्हटलं, यस.
हे मात्र समजून.