फरक

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मावशीनं विचारलं,
"गणित? मंग मास्तरीन व्हशीन का?"
एवढा एकच दरवाजा तिला माहीत,
आणि त्याच्यापुढे बसलेली
बी.एड. झालेल्यांची रांगही.

वायकोळे सर म्हणायचे, गणित कुठेही लागतं.
कुठेही म्हणजे नक्की कुठे,
ते मात्र फळ्यावर कधी मांडलं नाही.

वर्गात आम्ही नऊ जण.
जितेश फिरके पुण्याला, विमा कंपनीत.
चाळिशीतला माणूस साठी गाठेल याची शक्यता
चार दशांश स्थळांपर्यंत सांगतो,
आणि वडिलांचा खोकला कसा आहे हे विचारायला
रोज घरी फोन करतो.
रुबीना पिंजारी भुसावळला रेल्वेभरतीचे क्लास घेते;
तिच्या फळ्यावर रोज दोन गाड्या
समोरासमोर येतात आणि सुखरूप निघून जातात.
हिरालाल पावरा सातपुड्यात जमीन मोजतो.
उतारावरचं शेत सपाट कागदावर कमी भरतं,
हे साहेबांना कोसाइनसकट समजावतो.
साहेब म्हणतात, पुढचा गट घ्या.
बाकीच्यांचं ठाऊक नाही.
एकाचं ठाऊक आहे, सांगत नाही.

मी तलाठीच्या परीक्षेत दोन गुणांनी राहिले,
मग एका, मग अर्ध्या.
अशी श्रेणी शून्याकडे जाते,
पोचत नाही.

आता सावद्याला केळी ग्रुपच्या ऑफिसात बसते.
नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी.
भाव इतका, त्यावर फरक इतका.
चिकानं काळे पडलेले अंगठे
पावतीवर उमटत राहतात.
फरक कसा लागतो हे कोणी कोणाला उलगडून सांगत नाही.
मी सांगते, पावतीच्या मागे, पेन्सिलीनं.
शेठ म्हणतो, मॅडम, गाडी उभी आहे.

परवा सर आले.
रिटायर झाल्यावर दीड हजार खोडं लावलीत.
माझी बेरीज उभ्यानंच तपासली,
चष्मा कपाळावर, ओठ हलताहेत.
"हातचा विसरलीस."
खरंच विसरले होते. शंभर रुपये,
त्यांच्याच तोट्याचे.

पुढे काय ठरवलंस, असं त्यांनी विचारलं नाही.
लाल पेन मागितला,
पावतीच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली
आणि पावती घडी करून खिशात घातली.

माझ्याकडे खालची प्रत आहे.
कार्बनमधून खूण
निळी उमटली आहे.