काकपद

पुतणीच्या जात पडताळणीसाठी
एकोणीसशे पन्नासच्या आधीचा एक कागद हवा होता.
एवढंच.
आम्ही पारकर. मूळचे कोकणातले, असं घरात म्हणायचे,
कोकणात कुठे, ते कुणी म्हणायचं नाही.
राजापूरच्या तलाठ्याने दोन दिवस दप्तर उपसलं,
शेवटी चहा पाजला आणि विचारलं,
तुमचं कुलदैवत कोणतं?
मी बशी फुंकत बसलो.

मग पुण्यातच,
हवेली तालुक्याच्या अभिलेख कक्षात
लाल फडक्यात बांधलेलं हडपसरचं गाठोडं.
कसरीने कागदातून कालवे काढलेले.
मोडी वाचायला नित्सुरे, पानाला दीडशे रुपये.
एका सुरात वाचत गेले,
दुसऱ्याच्या घरचं पत्र वाचावं तसे:

जेम्स पार्कर साहेब, ओव्हरसियर, कालवे खाते,
विलायतेस गेले सबब जमीन खरेदी दिली...
कुणाला, ते नाव कसरीच्या पोटात.
इतर हक्कात:
चंद्री कोम

नित्सुरे थांबले.
कोमच्या पुढे जागा कोरी.
कारकुनाने टाक उचलून विचारलं असेल, कोणाची?
ती जे म्हणाली
ते लिहायची सोय त्या रकान्यात नव्हती.

विहिरीचे पाणी, आठ दिवसांत दोन पाळ्या, हयातीपर्यंत.
निशाणी बांगडी.
अज्ञान दौलत, वय वर्षे चार,
पालनकर्ती आई सदर.

दौलत माझे पणजोबा.
फोटोत फेटा आणि घारे डोळे.
त्या डोळ्यांचं श्रेय आमच्याकडे कोकणाला.
अज्ञान तो चार वर्षांचा होता,
मी त्रेपन्न.

पुढचा फेरफार सव्वीस सालचा.
कारकून दुसरा, बाळबोधीत लिहिणारा.
दौलत सज्ञान, आणि नावापुढे पहिल्यांदाच आडनाव.
नित्सुरेंनी पान खिडकीकडे धरलं.
हे बघा, म्हणाले, आधी पार्कर लिहिलंय.
मग रफारावर काट मारून
काकपद देऊन
मधे अख्खा र घुसवलाय.
एवढ्यात तुम्ही कोकणातले झालात.
ते हसले. मीही.

त्या कारकुनाला कुणी सांगितलं असेल?
दौलतने, चार आणे सरकवून?
की त्याचं त्यालाच वाटलं,
डोक्यावर घेऊन फिरण्यापेक्षा
ओळीत बसलेला बरा?

साहेबाचं सापडेल, नित्सुरे म्हणाले,
त्यांची रजिस्टरं चोख. विलायतेला लिहा.
लिहिणार नाही.
चंद्रीचं सापडलं असतं तर हवं होतं.
कोणत्या गावची,
पाळी रात्रीची आली की दारं धरायला
पोराला कडेवर घेऊन जायची की
झोपलेलं ठेवून,
आणि शेजारच्या वाफ्यातली माणसं
तिला काय म्हणून हाक मारायची.
मारायची का.

विहिरीच्या जागी जाऊन आलो.
वर आता एका कंपनीचं पार्किंग.
हसू आलं, पण सांगायला बरोबर कुणी नव्हतं.
वॉचमन म्हणाला, पावसाळ्यात तळमजल्यात पाणी येतं,
कितीही पंप लावा.

खरी नक्कल, असा शिक्का बसला.
झेरॉक्समध्ये बांगडीची रेघ एका जागी तुटली होती,
म्हणून मूळ पान पुन्हा मागून पाहिलं.
तिथेही तुटलेलीच.
टाक अडला असेल.
किंवा तिने हात आधीच मागे घेतला.

रात्री अनुजाचा फोन.
काका, मिळाला का पुरावा?
मिळाला. पण या कामाचा नाही.
मग कशाचा आहे?
तिच्या मागे, होस्टेलच्या मोरीत,
नळ सुटलेला ऐकू येत होता.
तो आधी बंद कर, म्हटलं.