गिब्झन

चार किलो भरली. काट्यावर नाही, माझ्या मांडीवर;
एवढ्या वर्षांनी मांडीला कळतं.
लोर्ना घोन्साल्विसने केस बाकावर ठेवली,
"डॅडींची. बघा, काही येतं का."

केस उघडली की आधी वास येतो:
डांबरगोळी, घाम, चिराबाजारची खारी हवा,
कुठल्याशा लग्नात सांडलेली रम.
तारा गंजून तपकिरी.
तिसऱ्या आणि पाचव्या पट्टीवर एवढी झीज
की बेसिलची बोटं कुठे राहायची
त्याचा पत्ताच लिहून ठेवलेला.

मग डोकं पाहिलं. वरचा कंगोरा उघड्या पुस्तकासारखा,
काळा रंग, त्यावर सोनेरी, तिरकं, झोकात:
गिब्झन.
'एस' हवा तिथे 'झेड'.

मी हसलो नाही. अक्षर ओळखीचं होतं.
ठाकूरद्वारच्या खानावळी, दवाखाने, शिकवण्या,
सगळ्यांच्या पाट्या आचरेकर पेंटरांच्या.
त्यांच्या झेडची शेपटी अशीच खाली उतरून
पुढच्या अक्षराला टेकू द्यायची.
बेसिलने तोंडी सांगितलं असणार,
त्यांनी ऐकलं तसं लिहिलं.
तीस वर्षं ती हॉलाहॉलांतून वाजली,
माहीमपासून वसईपर्यंत,
आणि एकाही व्याह्याने स्पेलिंग तपासलं नाही.

पण मान बोल्टने कसलेली. चार बोल्ट.
अमेरिकन असती तर चिकटवलेली असती.
मागचं झाकण काढलं:
आत पेन्सिलीने दोन जपानी अक्षरं, कुणा कारागिराची, घाईतली,
आणि तारांची जोडणी इतकी नेटकी
की मी माझं सोल्डरिंगचं यंत्र जरा लांब सरकवलं.

"मामा बोटीवर होता. कोबेहून आणली, सत्त्याहत्तरला.
डॅडींना जपानी नावाची लाज वाटायची."
वाटणारच. तेव्हा जपानी म्हणजे
घडीची छत्री, चावीचं माकड.

पवईच्या अंगद शिरोळेला फोन लावला.
त्याच्या घरी अशा अकरा आहेत, भिंतीवर, एसीत.
"खटल्याच्या काळातली आहे का?"
हल्ली सगळे हेच विचारतात.
डोक्याच्या आकारावरून तिकडे कुणी कुणावर खटला भरला होता,
तो निकालापर्यंतसुद्धा गेला नाही म्हणतात,
पण त्याच्या नावावर आज वांद्र्यात
वर्षाचं भाडं निघतं.
"वरचं खोटं नाव काढा," अंगद म्हणाला.
"खाली खरं खोटं नाव निघालं तर एक लाख दहा."
नाही निघालं तर?
"मग पंचवीस. लाकडाचे."

लोर्नाला मीरा रोडच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं.
ती खिडकीतून खाली बघत राहिली,
म्हणाली, "काढा."

थिनरची बाटली उघडली. पुन्हा बंद केली.
बायकोचा शिवणाचा बटरपेपर आणला,
मऊ शिसाची पेन्सिल,
आणि आचरेकरांची सहा अक्षरं उतरवून घेतली,
शेपटीसकट. हात कापत होता,
त्यांचा कधी कापला नव्हता.

मग कापूस. सोनं कापसावर आलं हळदीसारखं.
मग काळं. मग खूप वेळ काही नाही,
आणि मग शिंपल्याचा एक कोपरा,
ओल्या नखासारखा.

शनिवारी अंगद आला. मोबाईलच्या उजेडात
प्रत्येक स्क्रू बघितला, अत्तर हुंगावं तसं लाकूड हुंगलं,
लोर्नाच्या हातात पाकीट दिलं.
ती मोजता मोजता थांबली,
रिकाम्या बाकाकडे बघून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

जाताना त्याला बाकावरचा कागद दिसला,
भिंतीला टाचणीने लावलेला.
"हे काय? किती घ्याल?"

मी म्हटलं, कॉपी आहे.

तो दारात थांबला. "हो,
पण कुठल्या सालची?"